देवयानीतील व्ही १ : माण तालुक्यातून घेतलेल्या निरीक्षणांच्या प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर २०२४, शनिवार. सातारा

आज निरीक्षण होणार नाही हे दुपारीच स्पष्ट झाले होते. अजिंक्यताऱ्यावर ढग टेकले होते आणि परतीचा पाऊस अजून रेंगाळतो आहे. तरीही नोंदवही आजच उघडली, कारण १०१ वर्षांपूर्वी याच रात्री, म्हणजे ५ आणि ६ ऑक्टोबर १९२३ च्या दरम्यान, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी माउंट विल्सन वेधशाळेतील १०० इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेचे ४५ मिनिटांचे छायाचित्र घेतले होते. त्या काचेच्या प्लेटवर तीन ठिपक्यांजवळ त्यांनी नवताऱ्याची, म्हणजे अचानक पेटून मंदावणाऱ्या ताऱ्याची, खूण म्हणून ‘एन’ हे अक्षर लिहिले. पुढे जुन्या प्लेटांशी ताडून पाहताना त्यांतला एक ठिपका पुन्हा पुन्हा तेजस्वी आणि मंद होतो असे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा त्यांनी ते अक्षर खोडले आणि रूपविकारी ताऱ्याची खूण करून पुढे उद्गारचिन्ह दिले. तोच तारा आज व्ही १ या नावाने ओळखला जातो. त्याचा आवर्तकाल सुमारे ३१.४ दिवसांचा आहे. दोन-तीन आवर्तने टिकून राहून, आमच्या आठ इंची दुर्बिणीतून, त्याचे चढणे-उतरणे स्वतः मोजावे एवढाच या प्रकल्पाचा हेतू आहे.

आम्ही चौघे आहोत: हायस्कूलमध्ये गणित शिकवणाऱ्या एक बाई, विजेच्या फिटिंगची कामे करणारा माझा बालमित्र, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आणि मी. मे २०२३ मध्ये जपानचे कोइची इतागाकी यांना एम १०१ या दीर्घिकेत सुपरनोव्हा दिसला, तेव्हा आमच्याकडे त्याच दीर्घिकेचे काही दिवस आधीचे छायाचित्र होते आणि त्या जागी काहीही नव्हते. नंतरच्या छायाचित्रात तिथे स्पष्ट तारा होता. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवल्यावर आम्ही बराच वेळ कोणी काही बोललो नाही. तेव्हापासून सुंदर चित्रे काढण्यापेक्षा, बदलणाऱ्या गोष्टी मोजण्याकडे आमचा कल झाला.

२० ऑक्टोबर, रविवार. सातारा

तयारीचा दिवस. दुर्बीण न्यूटन पद्धतीची असून तिचा आरसा २०० मिलिमीटर व्यासाचा आणि नाभीय अंतर १००० मिलिमीटर आहे. कॅमेरा कृष्णधवल, थंड करता येणारा आहे; त्याच्या चौरस सेन्सरमध्ये आकाशाचा सुमारे ३९ कलामिनिटे, म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश अंश, बाजूचा तुकडा मावतो. व्ही १ हा दीर्घिकेच्या गाभ्यापासून पश्चिमेला साधारण पाव अंशावर आहे, त्यामुळे गाभा आणि तारा दोन्ही एकाच चौकटीत घेता येतात.

हबल यांच्या आरशाचे क्षेत्रफळ आमच्या आरशाच्या १६० पट होते, मग आम्हाला तो तारा कसा दिसणार, असा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला. प्रश्न रास्त आहे. त्या काळच्या प्लेटवर पडणाऱ्या प्रकाशातील जेमतेम एखादा टक्का नोंदला जाई, तर आजचा सेन्सर ऐंशी टक्क्यांहून अधिक प्रकाश टिपतो. शिवाय आम्ही दोन-दोन मिनिटांच्या साठ फ्रेम एकमेकींवर रचून दोन तासांचा प्रकाश एकत्र करू शकतो. तरीही हे काम सोपे नाही. प्रत हे ताऱ्याच्या तेजाचे माप आहे; आकडा जितका मोठा तितका तारा मंद. १९ व्या प्रतीचा तारा म्हणजे निर्मळ आकाशात नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सहाव्या प्रतीच्या ताऱ्याहून दीड लाख पटींहून अधिक मंद.

उणे ५ अंश तापमानाला डार्क फ्रेम, म्हणजे सेन्सरचे स्वतःचे दोष नंतर वजा करण्यासाठी अंधारात घेतलेल्या फ्रेम, घेतल्या. तुलनेचे तारे आणि त्यांच्या प्रती अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स या १९११ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेच्या तक्त्यावरून घेतल्या आहेत.

जागेचाही निर्णय झाला. जिल्ह्याच्या पश्चिमेला कास आणि चाळकेवाडीची पठारे उंच असली तरी ऑक्टोबरात तिथे धुके उतरते आणि दवाने आरसा ओला होतो. शिवाय पवनचक्क्यांचे लाल दिवे आहेत. म्हणून पूर्वेकडे, माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे माझ्या चुलत्यांच्या माळावर जायचे ठरले. पावसाने पाठ फिरवलेला हा मुलूख शेतकऱ्याला छळतो. आकाश पाहणाऱ्याला मात्र त्याच कोरडेपणामुळे वर्षातील कितीतरी अधिक रात्री मिळतात. हे लिहिताना मनाला बोचते, पण आहे ते असे आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार. दहिवडीजवळचा माळ

पहिली खरी रात्र. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगावमार्गे दोन तास लागले. आकाशाची काळोखी मोजणाऱ्या मीटरने २१.२ असा आकडा दाखवला. सातारा शहरात आमच्या गच्चीवर तो १९ च्याही खाली असतो. या अक्षांशावर देवयानी दीर्घिका उत्तरेकडे सुमारे ६६ अंशांपर्यंत चढते आणि आज ती रात्री अकराच्या सुमारास मध्यमंडलावर आली.

आबांनी, म्हणजे चुलत्यांनी, विहिरीवरचा दिवा आमच्यासाठी बंद ठेवला. शेतीची वीज रात्री येते आणि शाळवाला पाणी द्यायचे असते, त्यामुळे त्यांना बॅटरी घेऊनच फिरावे लागले. विद्यार्थ्याने त्यांच्या बॅटरीच्या काचेला लाल जिलेटीन कागद लावून दिला. “यातनं दंड दिसतोय, पण पाणी कुठवर आलं ते नाही कळत,” असे ते म्हणाले, म्हणून पाणी फिरवून होईपर्यंत आम्हीच एक्स्पोजर थांबवले. त्यांची जमीन, त्यांचे पीक. क्रम हाच योग्य.

पन्नास फ्रेम मिळाल्या. व्ही १ च्या जागी अगदी पुसट काहीतरी आहे. मोजमाप १९.६, पण त्रुटी ०.३ पर्यंत. हे मोजमाप म्हणण्यापेक्षा ‘तारा नाहीसा झालेला नाही’ असे आश्वासन म्हणावे.

३० ऑक्टोबर, बुधवार

१९.२, त्रुटी ०.२. तारा चढतो आहे असे वाटते. दोन बिंदूंवरून याहून अधिक बोलू नये.

१ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

अमावास्येची रात्र, आणि तरीही काम नाही. माळावर फटाके नव्हते, पण दहिवडीच्या बाजूने धूर पसरून क्षितिजापासून बऱ्याच उंचीपर्यंत आकाश दुधाळ झाले होते. शिवाय चौघांपैकी तिघांना घरी पूजेला असणे भाग होते.

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज

ओवाळणी उरकून निघालो, पोचायला साडेआठ वाजले. पण रात्र इतकी स्थिर होती की ताऱ्यांच्या प्रतिमा तीन विकलांहून लहान आल्या. साठच्या साठ फ्रेम कामी आल्या. संगणकावर रचना पूर्ण होताच व्ही १ कोणी बोट न दाखवताही दिसला. १८.६, त्रुटी ०.१.

आठ दिवसांत एक प्रत, म्हणजे जवळजवळ अडीच पट तेज वाढले. हा तारा एकाएकी पेटलेला नाही; तो फुगतो आणि आकुंचन पावतो आहे. आकुंचन पावताना त्याच्या बाहेरच्या थरांतील हेलियम अधिक आयनीभूत होऊन प्रकाशाला अपारदर्शक बनते, त्यामुळे आतली उष्णता अडून राहते आणि दाब वाढून थर बाहेर ढकलले जातात. मग ते थर निवतात, पुन्हा पारदर्शक होतात, अडलेली उष्णता निघून जाते आणि तारा पुन्हा आत बसू लागतो. अशा ताऱ्यांना सेफीड म्हणतात. सेफीड ताऱ्याचे तेज वेगाने चढते आणि सावकाश उतरते, त्यामुळे त्याचा आलेख करवतीच्या दात्यासारखा दिसतो. आमच्याकडे आता त्या दात्याची चढती बाजू आहे.

बाईंनी आज अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांच्याबद्दल सांगितले. लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतील २५ ताऱ्यांवरून, ज्याचा आवर्तकाल मोठा त्याचे तेज अधिक, हा संबंध त्यांनी १९१२ मध्ये मांडला. त्या मेघातील सगळे तारे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, म्हणून दिसणाऱ्या तेजातील फरक हा खऱ्या तेजातील फरक मानता आला. ही युक्ती इतकी सरळ आहे की ती सांगून झाल्यावर विद्यार्थ्याने ती पुन्हा एकदा सांगायला लावली. आवर्तकालावरून खरे तेज कळते आणि ते दिसणाऱ्या तेजाशी ताडून अंतर काढता येते. हबल यांनी मोजलेला ३१.४ हा आकडा लेव्हिट यांच्या या संबंधाशिवाय नुसता आकडाच राहिला असता.

५ नोव्हेंबर, मंगळवार

१८.६, त्रुटी ०.१५. दीर्घिका मध्यमंडल ओलांडते तेव्हा दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे उलटवावी लागते; त्याआधीच, सव्वादहाला, काम थांबवावे लागले, कारण बॅटरीचा व्होल्टेज उतरला. सगळ्या फ्रेम एकाच बाजूच्या आहेत.

६ नोव्हेंबर, बुधवार. सातारा

आजची नोंद सविस्तर लिहायला हवी.

कालच्या फ्रेम रचताना गाभ्याच्या ईशान्येला, दीर्घिकेच्या तेजाळ भागात, १८ व्या प्रतीच्या आसपासचा एक ठिपका दिसला. रविवारच्या चित्रात तो नव्हता. गोल होता आणि शेजारच्या ताऱ्यांएवढाच रुंद होता. देवयानी दीर्घिकेत वर्षाला अदमासे ६५ नवतारे पेटतात असा अंदाज आहे. श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला लहान, घन गाभा. त्याच्यावर त्याच्या जोडीदाराकडून हायड्रोजन साचत जातो, तो थर पुरेसा तापला आणि दाबला गेला की स्फोटक रीतीने जळतो आणि काही दिवसांपुरता तो तारा एरवीच्या हजारो पट तेजस्वी होतो. तिथल्या नवताऱ्यांची शिखराच्या वेळची प्रत बहुधा १६ ते १८ असते आणि त्यांतले बरेचसे गाभ्याच्या आसपासच सापडतात. म्हणजे जागा, प्रत, आकार, सगळे जुळत होते. नोंदवलेल्या नवताऱ्यांच्या यादीत त्या जागी कोणी नव्हते.

विद्यार्थ्याने अर्ध्या तासात जागेचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातील रेखांश-अक्षांश, काढले आणि शोध कळवण्याचा मजकूर तयार केला. त्याचे हात थरथरत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही.

लघुग्रहाची शक्यता आधी तपासली. देवयानी दीर्घिका क्रांतिवृत्तापासून, म्हणजे सूर्याच्या आकाशातील वार्षिक मार्गापासून, सुमारे ३३ अंश उत्तरेला आहे, तिथे लघुग्रह क्वचितच येतात. आणि आला असता तरी पावणेदोन तासांत तो सरकलेला दिसला असता. ठिपका जागचा हलला नव्हता. इथे आमची खात्री वाढली, आणि नेमकी इथेच ती वाढायला नको होती.

बाईंनी एक साधी मागणी केली. रचलेले चित्र बाजूला ठेवा, मूळ फ्रेम एकेक उघडा आणि ठिपका सेन्सरच्या कोणत्या ओळीत आणि कोणत्या स्तंभात आहे ते पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये मला दाखवा. काल ध्रुवाशी केलेली जुळणी थोडी चुकली होती, त्यामुळे पावणेदोन तासांत सगळे तारे सेन्सरवर चार पिक्सेल सरकले होते. ठिपका सरकला नव्हता. पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत तो एकाच पिक्सेलमध्ये होता.

तो तारा नव्हता, सेन्सरमधील एक ‘तापलेला’, म्हणजे प्रकाश न पडताही उजळ दिसणारा, पिक्सेल होता. २० ऑक्टोबरला डार्क फ्रेम घेतल्या तेव्हा तो शांत असावा, त्यामुळे त्या फ्रेमनी तो वजा झाला नाही. रचताना तारे जुळवण्यासाठी फ्रेम सरकवल्या गेल्या, तेव्हा तो एकटा पिक्सेल चार पिक्सेलभर पसरला आणि ताऱ्याच्या प्रतिमेची रुंदीही तेवढीच असल्याने हुबेहूब ताऱ्यासारखा दिसू लागला. प्रत्येक फ्रेमगणिक दुर्बीण किंचित हलवण्याची सोय, जिला डिदरिंग म्हणतात, काल चालू करायची राहून गेली होती. ती चालू असती तर तो ठिपका इतस्ततः विखुरला जाऊन रचनेतून गळून गेला असता. दुर्बीण उलटवली असती तरी तो चित्रात दुसऱ्याच बाजूला गेला असता आणि लगेच उघडा पडला असता.

तयार केलेला मजकूर पुसला नाही. तो नोंदवहीच्या मागच्या पानावर चिकटवला आहे, खाली तारीख आणि कारण लिहून. विद्यार्थी बराच वेळ खिन्न होता. बाई त्याला म्हणाल्या, “अरे, हबलनीसुद्धा आधी ‘एन’च लिहिलं होतं.” नंतर त्याने स्वतःहून सगळ्या डार्क फ्रेम नव्याने घ्यायला सुरुवात केली.

यापुढचे नियम: डिदरिंग नेहमी चालू, प्रत्येक रात्री दुर्बीण उलटवून दोन्ही बाजूंच्या फ्रेम, डार्क दर पंधरवड्याला नव्या, आणि दोन वेगळ्या रात्री दिसल्याशिवाय कोणताही ठिपका ‘नवा’ म्हणायचा नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

चंद्र अष्टमीचा, त्यामुळे पार्श्वभूमी उजळ. १८.८, त्रुटी ०.२. उतार सुरू झाला असावा.

२४ नोव्हेंबर, रविवार

पौर्णिमा १५ तारखेला होती, त्यानंतर बाईंना निवडणुकीची ड्यूटी लागली. २० ला मतदान आणि काल निकाल. मधल्या पंधरा दिवसांची मोजमापे नाहीत आणि ती पोकळी आलेखात तशीच ठेवली आहे. मित्राने तिथे हलकी तुटक रेघ काढून सुचवली होती. मी नको म्हटले. जे पाहिले नाही तिथे रेघ ओढली की काही दिवसांनी आपल्यालाच ती पाहिल्यासारखी वाटू लागते.

आज १९.६, त्रुटी ०.२. मित्राने या काळात दोन बॅटऱ्यांची जोडणी करून दिली आणि आरशामागे बसवायला लहान पंखा तयार केला. आरसा हवेच्या तापमानाला लवकर येतो आणि प्रतिमा स्थिरावतात. एवढ्या साध्या गोष्टीने प्रत्येक रात्रीची पाऊण तासाची वाट पाहणे वाचले.

३० नोव्हेंबर, शनिवार

१९.३, त्रुटी ०.१५. पुन्हा चढ. ३० ऑक्टोबरला १९.२ होते आणि आज, ३१ दिवसांनी, जवळजवळ तेच. पन्नासेक फ्रेमच्या पुसट बेरजेतून निघालेले हे दोन आकडे एकाखाली एक लिहिताना मला जे वाटले ते नोंदवहीत मांडता येत नाही. नवतारा असता तर तो आज नसता. हा परत आला.

४ डिसेंबर, बुधवार

हिशेबाप्रमाणे आज-उद्या तारा शिखरावर असायला हवा, आणि आकाश पूर्ण झाकलेले आहे. बंगालच्या उपसागरातील फेंगल चक्रीवादळ ३० नोव्हेंबरला पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले. त्याचे उरलेले ढग इथवर पसरले आहेत. आबांना शाळवाची काळजी, आम्हाला शिखराची. गेलो नाही.

२२ डिसेंबर, रविवार

१९.५, त्रुटी ०.२. आता दीर्घिका सव्वासातच्या सुमारासच मध्यमंडलावर येते, त्यामुळे रात्रीचे जेवण तीन तास पुढे गेले आहे. काकूंनी बाजरीच्या भाकरी आणि ठेचा माळावरच पाठवला.

एम ३१ एन २००८-१२ ए या, जवळपास दर वर्षी पेटणाऱ्या विलक्षण नवताऱ्याची जागा आमच्या चौकटीबाहेर आहे. मुद्दाम दुर्बीण वळवून त्या जागेच्याही वीस फ्रेम घेतल्या. तिथे काही दिसले नाही. तो इतक्या झपाट्याने मंदावतो की दोन-चार दिवस चुकले तरी आमच्या आरशाला तो सापडत नाही. पुढच्या हंगामात त्याच्यासाठी वेगळा प्रकल्प करावा, असे विद्यार्थ्याचे मत आहे आणि मला ते पटते.

२९ डिसेंबर, रविवार

पुसेगावच्या यात्रेमुळे वाटेत अर्धा तास गेला. थंडी चांगलीच आहे; हातमोज्यांशिवाय फोकस फिरवता येत नाही. १९.५, त्रुटी ०.१५.

१ जानेवारी २०२५, बुधवार

बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १ जानेवारी १९२५ रोजी, वॉशिंग्टन येथील बैठकीत हबल यांचा निबंध वाचला गेला. ते स्वतः हजर नव्हते. हेन्री नॉरिस रसेल यांनी तो वाचला. देवयानी ही आपल्या आकाशगंगेतील तेजोमेघ नसून स्वतंत्र दीर्घिका आहे, हे त्या निबंधानंतर खगोलशास्त्राने स्वीकारले. हबल यांनी काढलेले अंतर नऊ लाख प्रकाशवर्षांच्या आसपास होते. सेफीडांचे दोन प्रकार असतात हे वॉल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये दाखवल्यावर ते सुमारे दुप्पट झाले, आणि आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे मानले जाते.

आज १९.१, त्रुटी ०.१५. तिसऱ्यांदा चढ.

४ जानेवारी २०२५, शनिवार

चंद्र पंचमीचा, पण उत्तरेपासून दूर. १८.७, त्रुटी ०.१५.

सगळी मोजमापे ३१.४ दिवसांच्या एकाच आवर्तनावर दुमडून मांडली. तीन चढ एकमेकांवर बसतात. उताराची बाजू विरळ आहे आणि डिसेंबरचे शिखर नाही. बाईंनी फळ्यावर हिशेब केला. एवढ्या आवर्तकालाच्या सेफीडाची निरपेक्ष प्रत (सगळे तारे एकाच ठरावीक अंतरावर मानून काढलेली प्रत) सुमारे उणे ५.३, म्हणजे दहा हजारांहून अधिक सूर्यांचे तेज. आमची सरासरी प्रत १९.२ धरली तर फरक २४.५ येतो आणि अंतर सुमारे २६ लाख प्रकाशवर्षे निघते.

आकडा पाहून आनंद झाला, पण तो जसाच्या तसा मानू नये, असे मी इथे लिहून ठेवतो. आम्ही फिल्टर वापरलेला नाही, त्यामुळे पिवळसर तारा खऱ्याहून थोडा तेजस्वी मोजला जातो. वाटेतील धुळीची वजावट केलेली नाही, तिच्यामुळे तो मंद दिसतो. या दोन चुका एकमेकींच्या विरुद्ध दिशेने ओढतात आणि जुळणीचा काही भाग त्यातूनच आलेला असणार. सरासरीतील ०.१५ प्रतीच्या चुकीनेही अंतर सात टक्के बदलते. पुढच्या ऑक्टोबरात हिरवा मापन फिल्टर लावून हेच पुन्हा करायचे आहे.

मोजमापे त्रुटींसह आणि ‘फिल्टर नाही’ अशा शेऱ्यासह पाठवण्यासाठी तयार केली. २६ ऑक्टोबरचा बिंदू ठेवावा की नाही यावर चर्चा झाली आणि तो त्याच्या मोठ्या त्रुटीसकट ठेवला. फाइल विद्यार्थ्याने तपासली, प्रत्येक रात्रीच्या मूळ फ्रेम उघडून, ओळ आणि स्तंभ पाहून.